सांगवीच्या फाट्यावरचा फ्लेक्स आणि मी

मित्रांनो, मी एक जुना काचेचा डोळा आहे. सांगवीत कचरूआबांच्या घरी, भिंतीतल्या फळीवर, बुद्धमूर्तीच्या आणि बाबासाहेबांच्या तसबिरीच्या जरा खाली माझा मुक्काम असतो. येणारा-जाणारा मला पाहतो आणि विचारतो, "एवढा मोठा बल्ब? पेटतो का?" मी पेटत नाही. कधीच पेटलो नाही. दिवा उजेड देतो आणि मी उजेड घेतो, एवढाच आमच्यातला फरक. पण तो समजावता समजावता या घरातल्या माणसांच्या तोंडाला फेस आला आहे.

माझा जन्म परदेशातल्या एका कारखान्यात झाला. तापलेल्या काचेचा गोळा नळीच्या टोकाला घेऊन एका कारागिराने फुंकर घातली आणि मी भोपळ्याएवढा फुगलो. मग माझ्या पोटातली हवा काढून घेतली आणि कपाळाला आतून एक पातळ, तांबूस लेप दिला. माझी सगळी करामत त्या लेपात आहे. उजेडाचा एक कण जरी कपाळावर पडला तरी लेपातून एक इलेक्ट्रॉन सुटतो. तो माझ्या मानेतल्या धातूच्या पट्ट्यांवर आपटत जातो आणि प्रत्येक पट्टीवर त्याला नवे सोबती मिळतात. सकाळी एकाने सांगितलेली गोष्ट दुपारपर्यंत गावभर होते ना, अगदी तशी. शेवटच्या पट्टीपाशी इतका गलका होतो की तारेच्या दुसऱ्या टोकाच्या यंत्राला कळते, या डोळ्याला काहीतरी दिसले. काजवा म्हणजे माझ्या लेखी भर दुपार. हे मी बढाई म्हणून सांगत नाही. म्हणजे, थोडी बढाई आहेच.

मला कामाला लावले ते एका डोंगराच्या पोटात. पूर्वी तिथे खाण होती. खाली खोल पोकळीत एक टाकी बांधली होती, तुमच्या गावातल्या सगळ्या विहिरी रित्या केल्या तरी भरायची नाही एवढी. तिच्यात अतिशय स्वच्छ पाणी होते आणि भिंतींवर माझ्यासारखे हजारो डोळे. एके दिवशी झाकण लागले, दिवे गेले आणि आम्ही वाट पाहू लागलो.

कशाची वाट? सांगतो. घाबरू नका, सोपे आहे. ऊस, म्हैस, विहिरीचे पाणी, तुम्ही, हे सगळे अणूंचे बनलेले. अणूच्या गाभ्यात दोन प्रकारचे कण असतात, प्रोटॉन आणि न्यूट्रॉन. निसर्गात प्रत्येक कणाला एक उलटा जोडीदार आहे. न्यूट्रॉनचा जोडीदार प्रतिन्यूट्रॉन. या दोघांचे विळ्या-भोपळ्याएवढे सख्य. गाठ पडली की दोघेही संपतात आणि त्यांच्या जागी नुसती ऊर्जा आणि चार-पाच लहान कण चहूकडे उधळतात. आता शास्त्रज्ञांना असा संशय आहे की एखादा न्यूट्रॉन, फार फार क्वचित, कुणी न सांगता, आपला आपणच पालटतो आणि प्रतिन्यूट्रॉन होतो. आमच्या टाकीतल्या पाण्यात न्यूट्रॉनांना तोटा नव्हता. त्यातला एक जरी पालटला, तरी तो शेजाऱ्याला भिडणार, कण उधळणार, पाण्यात निळसर चमक उठणार आणि ती आम्हाला दिसणार.

एवढा खटाटोप का, असे तुम्ही विचाराल. विश्वाच्या आरंभी द्रव्य आणि प्रतिद्रव्य सारखेच असायला हवे होते. तसे असते तर दोघांनी एकमेकांना संपवले असते आणि ऊसही नसता, म्हैसही नसती, ही गोष्ट वाचायला तुम्हीही नसता. पण आपण आहोत. म्हणजे कुठेतरी निसर्गाने तराजू जरासा झुकवला आहे. न्यूट्रॉनला पालटताना पकडले तर त्या कोड्याचे एक टोक हाताला लागेल. माझे काही भाऊबंद हेच काम वेगळ्या तऱ्हेने करतात. तिथे मोकळे न्यूट्रॉन एका लांबलचक निर्वात नळीतून सोडतात आणि पलीकडच्या पातळ पत्र्यावर नजर ठेवून बसतात. त्यांनाही अजून काही गवसलेले नाही.

मी वर्षानुवर्षे अंधारात बसलो. चमका पुष्कळ आल्या. आकाशातून येणारे कण डोंगर भेदून येत, पाण्यात लकाकत आणि निघून जात. काही चमका तर हव्या त्या चमकेची हुबेहूब नक्कल करत. त्यांना आम्ही फसव्या चमका म्हणायचो. कंटाळा आला का? खरे सांगू, नाही आला. सगळे मिळून एका गोष्टीची वाट पाहत असले की कंटाळा येत नाही.

पण म्हातारपण कुणाला चुकले आहे? हळूहळू मला नसलेला उजेड दिसू लागला. अंधारातही मी ओरडू लागलो, "दिसले, दिसले." या कामात थोडे कमी दिसले तर खपते, नसलेले दिसले तर खपत नाही. टाकीची दुरुस्ती निघाली, पाणी उतरवले आणि मला भिंतीवरून काढून मोडीच्या ढिगात ठेवले. फार वाईट वाटले मला. तेवढ्यात रबरी बूट घातलेली, कपाळावर दिवा बांधलेली एक मुलगी वाकली, तिने मला बाहीने पुसले आणि साहेबांना विचारले, "हा मी घेऊ का?" ती आमची तेजश्री. बारामती तालुक्यातल्या सांगवीची, कचरूआबांची नात. तिथे संशोधन करायला आली होती.

तेव्हापासून मी तिच्या टेबलावर बसलो आणि तिचे काम जवळून पाहिले. मित्रांनो, मी हजारो डोळ्यांत राहिलो आहे, पण त्या पोरीसारखी नजर मी पाहिली नाही. आम्ही टिपलेल्या चमकांचा मोठा साठा संगणकात होता. दुसरा कुणी असता तर आधी तो उघडून बसला असता. तिच्या कामाची रीत उलटी होती. साठा कुलपात ठेवायचा. आधी संगणकावर खोट्या चमका तयार करायच्या आणि न्यूट्रॉन पालटला तर काय दिसेल ते शिकायचे. मग नियम ठरवायचे, कोणती चमक रेषेच्या आत धरायची, कोणती बाहेर. फसव्या चमका किती येतील याचा अंदाजही आधीच बांधायचा. हे सगळे पक्के झाले, चार जाणत्यांनी तपासले, की मग एकदाच कुलूप काढायचे. नंतर रेषा हलवायची नाही. आधी पाहिले तर मन आपल्याला हवे तेच पाहते, म्हणून ही शिस्त. झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात. ही माणसे ती मूठ वर्षानुवर्षे झाकून ठेवतात, आणि उघडून पाहण्याचा मोह किती होत असेल ते मी तिच्या नखांवरून सांगू शकतो. तिने ती कुरतडून संपवली होती.

कुलूप काढायचा दिवस ठरला तेव्हा तेजश्री सुट्टीवर गावी निघाली होती. तिने आबांना फोनवर सांगितले, "आबा, पुढल्या आठवड्यात मूठ उघडणार." आबा पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले पाटकरी. पाटाचे पाणी सोडणे आणि पाट राखणे यात त्यांचा जन्म गेला. नातीवर त्यांचा भारी जीव. नातीने मूठ उघडली म्हणजे तिच्यात काहीतरी असणारच, असे त्यांनी धरून टाकले. विहारात वंदना झाल्यावर त्यांनी सगळ्यांना सांगितले, "आमच्या तेजीनं न्यूट्रॉन पालटताना धरला." त्यांच्या धाकट्या मुलाचे, बुद्धघोषचे, इंदापुरात एसटी स्टँडजवळ फ्लेक्स छापायचे दुकान. मग काय विचारता. आधीच उल्हास, त्यात घरचाच छापखाना.

मला मांडीवर घेऊन तेजश्री फाट्यावर उतरली, तर समोर ती स्वतःच उभी. दोन माणसे उंच, गळ्यात छापील हार, मागे आकाशगंगा. खाली पाहुण्यारावळ्यांचे लहान लहान चेहरे आणि मधोमध ठळक अक्षरे: 'सांगवीची सुकन्या तेजश्री हिने न्यूट्रॉनचा प्रतिन्यूट्रॉन शोधल्याबद्दल हार्दिक अभिनंदन. भव्य सत्कार रविवारी.' एका कोपऱ्यात साध्या बल्बचे चित्र होते. तो बहुधा मी. अपमान गिळून मी तेजश्रीकडे पाहिले. तिच्या तोंडचे पाणी पळाले होते.

"आबा, आजून मूठ उघडली न्हाय," घरी आल्या आल्या ती म्हणाली.

"उघडशील की," आबा म्हणाले. "पानी पी आदी."

"बाजारात तुरी," चुलीपाशी बसलेल्या शालनआजी म्हणाल्या, आणि म्हणीचा उरलेला भाग त्यांनी नवऱ्याकडे नुसते बघून पुरा केला. मग त्यांनी मला हातात घेतले, फिरवून पाहिले. "अगं, ह्येला होल्डर कुठं मिळायचा?"

दोन दिवसांनी सकाळी ओट्यावर लॅपटॉप मांडला गेला. पडद्यावर दूरदेशीचे तीन-चार चेहरे, तेजश्रीच्या मागे आमच्या घरची माणसे. शालनआजी घेवडा निवडत होत्या. बुद्धघोष इस्त्रीचा शर्ट घालून मोबाइलवर शूटिंग करायला उभा. आबा खुर्चीवर ताठ. मला तेजश्रीने मुद्दाम शेजारी ठेवले होते. तिने एक बटण दाबले. मूठ उघडली.

आत थोड्या चमका होत्या. जेवढ्या फसव्या चमका येतील असा अंदाज आधी बांधला होता, तेवढ्याच. त्याच्या वर एकही नाही. कुठल्याही न्यूट्रॉनने पालटल्याची खूण दिली नव्हती. पडद्यावरच्या माणसांनी टाळ्या वाजवल्या. एक पांढऱ्या केसांच्या बाई म्हणाल्या, "सुंदर काम." तेजश्रीने मान डोलवली आणि ती घोटभर पाणी प्यायली.

"काय झालं?" बुद्धघोषने मोबाइल खाली केला.

"न्हाय सापडलं, काका."

तो पुढे वाकला. पडद्यावर तिने मारलेली रेषा दिसत होती आणि रेषेच्या एवढ्याशा बाहेर एक ठिपका. मीही तो पाहिला. देखणी चमक होती. चारी दिशांना कण उधळलेले, अगदी जशी मी जन्मभर वाट पाहिली तशी.

"ह्यो काय हितं?" बुद्धघोष म्हणाला. "ह्यो आत घे की. रेष जरा सरकव. एवढ्यानं काय हुतंय? आपल्या पंचक्रोशीत कुणाला कळनार हाय?"

तेजश्री त्या ठिपक्याकडे बराच वेळ पाहत राहिली. मला वाटते, तिलाही तो माझ्याइतकाच आवडला होता. मग ती हळूच म्हणाली, "काका, बांध कोरल्यासारखं हुईल त्ये."

शेजाऱ्याने हद्दीचा बांध कोरून आपले शेत वाढवले म्हणून आबांनी तालुक्याच्या कचेरीत किती वर्षे चपला झिजवल्या, हे त्या घरात सगळ्यांना ठाऊक होते. आबा खुर्चीवरून उठले. "कोरनारा एकदम न्हाय कोरत," ते म्हणाले. "दर नांगरटीला वीतभर. आन् परत्येक येळी म्हनतो, एवढ्यानं काय हुतंय." बुद्धघोषने मान खाली घातली. आबा आत निघून गेले.

इथवर ठीक होते. खरी अडचण फाट्यावर उभी होती, हार घालून.

दुपारी आबा जेवले नाहीत. तेजश्री त्यांच्या उशापाशी जाऊन बसली. तिचा आवाज मला फळीवर ऐकू येत होता. "आबा, मला तुमचा मान घालवायचा न्हाय. पर त्या फ्लेक्सखाली मी उभी न्हाय ऱ्हानार. सत्कार हुयाच्या आदीच जाते मी. तुमी सांगा, तिला सुट्टी न्हवती."

"म्हंजी दुसरं खोटं," आबा म्हणाले. मग म्हणाले, "म्या गावाला काय सांगू, तेजे? सगळ्यांना सांगून बसलोय. एवढी वर्सं घरापासनं लांब ऱ्हायलीस, आन् काय, तर काईच न्हाय?"

ज्या पोरीने त्या पांढऱ्या केसांच्या बाईंसमोर डोळ्यात पाणीही येऊ दिले नव्हते, तिचे डोळे आता भरून आले. मला फार वाटले की एकदाच, फक्त एकदाच मला तोंड असावे. माझ्याऐवजी शालनआजी बोलल्या. हातातले सूप खाली ठेवून त्या दारात आल्या.

"अवं, तुमी जलमभर पाटाच्या कडंनं चाललासा. घरी आल्यावर मी इचारायची, काय झालं आज? तुमी म्हनायचा, काय न्हाय, कुठं फुटला न्हाय. मी कवा म्हनले का, मग चाललासा कशाला?"

आबा उठून बसले.

"फुटला न्हाय ह्ये कळाय बी कुनीतरी चालावं लागतं," आजी म्हणाल्या. "तुमची नात लई लांबवर चालून आलीया. तिला भाकरी खायला उठवा आता, तीबी उपाशी हाय."

तेजश्री डोळे पुसत हसली आणि मग तिने आबांना नीट सांगितले. आजवर माणसे या वाटेने जिथवर गेली होती त्याच्याही पुढे जाऊन ती पाहून आली होती. न्यूट्रॉन पालटत असेलच, तर त्याला आधी वाटत होते त्याहून कितीतरी जास्त काळ लागतो, एवढे आता पक्के झाले होते. "ह्याच्यापुढचा जो कुनी शोधल, त्याला एवढा पट्टा परत चालावा लागनार न्हाय, आबा." आबांनी सगळे ऐकले. मग ते विहारात दर पौर्णिमेला स्वतःच सांगतात ते वाक्य बोलले, पण या वेळी जरा ओशाळून. "भगवंतानं सांगितलंय, कुनी सांगतो म्हनून मानू नगा, सोता तपासा. आन् मी न तपासताच गाव गोळा केला."

भाकरी खाऊन ते विळा घेऊन बाहेर पडले. तासाभराने परतले तेव्हा खांद्यावर फ्लेक्सची गुंडाळी होती. दोऱ्या कापून त्यांनी तो स्वतः उतरवला होता. शालनआजींनी तो कांद्याच्या ढिगावर पसरला. नातीला धूळ लागू नये म्हणून तोंडाची बाजू आत केली.

आता प्रश्न नव्या फ्लेक्सचा. सत्कार होणार, यावर आबा अडून बसले होते. बुद्धघोष डोक्याला हात लावून बसला. "आबा, माज्या दुकानातनं आजवर 'न्हाय' म्हननारा एक फ्लेक्स गेला न्हाय. निवडून न आलेल्याचाबी आमी 'लोकांच्या मनातला' म्हनून छापतो. लोक हसतील."

"हसू द्या," आबा म्हणाले. "तू छाप."

मजकुरावर बराच वेळ घोळ झाला. बुद्धघोषला 'थोडक्यात हुकल्याबद्दल' हवे होते. तेजश्री म्हणाली, काहीच हुकलेले नाही. आजींचे म्हणणे, पोरीचा हार तेवढा काढू नका. शेवटी बुद्धघोष इंदापूरला गेला आणि दुसऱ्या दिवशी फाट्यावर नवा फ्लेक्स उभा राहिला. हार तोच, आकाशगंगा तीच, पण कोपऱ्यात आता बल्बऐवजी माझा खरा फोटो होता. मधली अक्षरे अशी: 'न्यूट्रॉन पालटतो का, हे वर्षानुवर्षे शोधून, सापडले नाही असे खरे सांगितल्याबद्दल सांगवीची सुकन्या तेजश्री हिचे हार्दिक अभिनंदन.'

लोक हसले का? हसले ना. मोटारसायकली थांबवून हसले, फोटो काढले, पुढे पाठवले. पण रविवारी विहारात बसायला जागा उरली नाही. मी टेबलावर, पांढऱ्या कापडावर. तेजश्रीने माझ्या कपाळावर हात ठेवून सगळी गोष्ट सांगितली, टाकी, अंधार, झाकलेली मूठ, रेषेबाहेरचा तो ठिपका. शेवटी चंद्राबाई नावाच्या एक म्हाताऱ्या बाई, ज्यांना सगळे गाव टरकून असते, उठून म्हणाल्या, "मंग आता बसनार का पुन्यांदा वाट बघत?"

"व्हय, आजी. आता याच्याहून मोठी टाकी बांधत्यात."

"बस," चंद्राबाई म्हणाल्या, आणि त्यांनी टाळी वाजवली. मग सगळ्यांनी वाजवली. हजारो डोळ्यांच्या भिंतीवर असतानाही मला इतके अभिमानाने कधी भरून आले नव्हते.

तेजश्री परत गेली. जाताना मला आबांपाशी ठेवून गेली. आता मी उजेडाचे कण टिपत नाही, तरी आजी मला मऊ फडक्याने पुसतात. मित्रांनो, तुम्ही आलात तर मला बघा, हातात घ्या, पण जपून. माझ्या पोटात हवा नाही. तडा गेला तर मी क्षणात आत कोसळेन. आणि माझ्याहून जास्त जपा ते तुमच्यातल्या त्या मुलाला, जो वर्गात उभा राहून म्हणतो, "बाई, मी केले, पण आले नाही." त्याला हसू नका. तू कुठवर जाऊन पाहिलेस, एवढे त्याला विचारा.

आबा रोज संध्याकाळी फाट्यावर जातात. सोसायटीच्या कट्ट्यावर बसतात आणि येणाऱ्या एसटीकडे पाहतात. एखादा परगावचा माणूस उतरतो, फ्लेक्स वाचतो, पुन्हा वाचतो आणि गोंधळून आबांना विचारतो, "काय हो, काय सापडलं ह्या पोरीला?"

घरी आल्यावर आबा आम्हाला आपले उत्तर रोज नव्याने सांगतात. "म्या म्हनलं, काय न्हाय सापडलं. पर नीट बघितलंय तिनं."